तीन टिंबं

शेट्यांच्या घरात जेवणाआधी भांडायचं नाही, हा गंगासागरबाईंचा नियम होता. भांडण टळावं म्हणून नव्हे, अन्न वाया जाऊ नये म्हणून. त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी साडेदहालाच पानं वाढली गेली. दुपारी दोन वाजता शेजारच्या गोदामात कोर्टाच्या हुकमावरून माणसं जमणार होती, आणि तिथं शेट्यांनी काय बोलायचं ते त्याआधी ठरायला हवं होतं. घरात एकमत होईल अशी बाईंना मुळीच आशा नव्हती. भाकरी तरी खपतील म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा चार जास्तच थापल्या.

गोदामाची पुढची खोली चार वर्षांपासून वच्छलाबाईंच्या केंद्राकडे होती. वच्छलाबाई म्हणजे निवृत्त अंगणवाडी सेविका, नांदूरघाटच्या दोन पिढ्यांची नाकं पुसलेली बाई. घरी मार खाणाऱ्या, घरातून काढून दिलेल्या बाया दर गुरुवारी त्यांच्याकडे येत. गंगासागरबाई आणि त्यांचे पती धोंडप्पा यांची मधली लेक शिवकन्या तिथलं लिहिण्याचं काम बघायची. खोलीला भाडं नव्हतं, वीज दुकानाची होती, आणि वेगळं बिऱ्हाड मांडणाऱ्या बाईला ‘शेटे भांडी भांडार’कडून पाच भांडी मिळायची. या औदार्याबद्दल थोरल्या मुलाचा, राजेश्वरचा, शाल घालून सत्कार झाला होता. त्याचा फोटो त्याने गल्ल्यामागे महात्मा बसवेश्वरांच्या तसबिरीखाली लावला होता, जरा जास्तच जवळ.

केंद्राने पंखा मागितला तेव्हा राजेश्वरने पंखा दिला. कपाट मागितलं तेव्हा कपाट दिलं. या वेळी केंद्राने साक्ष मागितली होती, आणि साक्ष गोदामात पडून नव्हती.

प्रकरण तेजश्रीचं होतं. तीन महिन्यांपूर्वी ती लेकीला, आरोहीला, कडेवर घेऊन केंद्रात आली तेव्हा तिचं दुसरं मनगट प्लास्टरमध्ये होतं. ते तिच्या नवऱ्याने, हनुमानने, पिरगाळून मोडलं होतं. सासरे राधाकिशनराव पंचक्रोशीतले मोठे बागायतदार. निवडणूक कसलीही असो, उमेदवाराला आधी त्यांच्या ओट्यावर चहा प्यावा लागे. तेजश्रीचे वडील उत्तरेश्वर हे केजचे नावाजलेले आचारी. लेकीला त्यांनी आंदण म्हणून आपल्या धंद्यातली वाटावीत अशी मोठाली भांडी दिली होती, दोनशे माणसांची आमटी शिजेल अशी पातेली. गेल्या साली ते वारले.

आता तेजश्रीने केजला खोली घेतली होती. मुलींच्या एका वसतिगृहाने चाळीस जणींचे डबे तिला सांगितले होते, येत्या सोमवारपासून. भांडी मिळाली तर डबे, डबे झाले तर खोली, आणि खोली सुटली तर पुन्हा ते मनगट मोडणारं घर. तिची भांडी तिला परत करा असा कोर्टाचा हुकूम झाला होता. त्यावर राधाकिशनरावांनी शांतपणे विचारलं होतं, तिची कोणती? दोन्हीकडची भांडी शेट्यांच्याच दुकानातून एकाच दिवशी घेतलेली. घरात सगळी मिळून चाळीस, आणि चाळीसही भांड्यांवर नाव एकच: हनुमान राधाकिशन. संरक्षण अधिकारी मॅडमनी सगळी भांडी टेम्पोत घालून नांदूरघाटला आणायला सांगितली. विकणाऱ्याला ओळखता आली तर ठीक. नाही तर ज्याचं नाव त्याची भांडी.

राजेश्वरने पहिल्या घासालाच आपलं म्हणणं मांडलं. दुकानातून नवी भांडी काढू, हवी तेवढी मोठी देऊ, उद्याच केजला पोचती करू. तेजश्रीचे डबे सुरू होतील आणि राधाकिशनरावांचंही मन मोडणार नाही. त्यांच्या धाकट्याचं लग्न वैशाखात आहे, त्या लग्नाच्या भांडी-खरेदीची याद अजून यायची आहे. दोन्ही घरं आपली गिऱ्हाइकं, आपण कशाला मधे पडायचं?

खरं सांगायचं तर हे ऐकून सगळ्यांनाच क्षणभर बरं वाटलं होतं. गंगासागरबाईंनाही. एवढ्या सरळ वाटेने जाता येत असेल तर कोण काट्यांतून जाईल? फक्त शिवकन्या म्हणाली, “ती भांडी तिच्या बापाची आठवण हाय, दादा. अन् तुमी नवी दिली की गाव म्हणंल, जुनी सासरचीच व्हती.”

धाकटा योगीराज तिच्या बाजूने होता. तो हार्डवेअरचं दुकान चालवायचा आणि मतं मोठ्याने मांडायचा. राधाकिशनरावांना कोण भितो, आपण काय त्यांच्या रानात राबतो का, असं तो भाकरी मोडत बोलत राहिला. राजेश्वरने त्याला बोलू दिलं आणि मग विचारलं, “बाजार समितीला व्यापाऱ्यांतून उभं राहायचंय ना बे तुला? तिकीट कोण देणार?”

योगीराजची भाकरी हातातच राहिली. मग तो म्हणाला की तसं बघितलं तर दादाच्या बोलण्यातही काही अगदीच चूक नाही. शिवकन्येने त्याच्याकडे बघितलं आणि तो आमटीकडे बघायला लागला.

पंगतीत धोंडप्पाही जेवत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे धोंडप्पा कपाळावरचं भस्म वाळेपर्यंतसुद्धा दुकानाबाहेर न राहिलेले, पण मोतीबिंदूमुळे आता दोन वर्षं घरी बसलेले. त्यांनी पाणी प्यालं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, “मी खूण सांगणार हाय.”

दोन्ही मुलगे एकदम थांबले. गंगासागरबाईंना आणि शिवकन्येला मात्र काहीच कळलं नाही. “कसली खूण?” शिवकन्येने विचारलं.

धोंडप्पांनी सांगितलं ते असं. लग्नाच्या हंगामात दोन्हीकडची भांडी एकाच दिवशी नावं घालायला यायची. मुलीचा बाप बहुधा सांगायचा, जावयाचं नाव घाला, पोरीचा मान वाढेल. वेगळेपण दिसायला नको. पण नाव एकच झालं की गाड्या भरताना भांडी मिसळायची आणि मांडवात रुसवेफुगवे व्हायचे. म्हणून धोंडप्पांच्या वडिलांनी, रुद्रप्पांनी, एक पद्धत काढली. मुलीकडच्या भांड्याला बुडाशी, कडेच्या आत, बेलाच्या पानासारखी तीन टिंबं. मुलाकडच्याला एक. छन्नीचे इतके बारीक ठोके, की घासणाऱ्या बाईलाही कळू नयेत. वरपक्षाला वाईट वाटू नये म्हणून ही गोष्ट बाहेर सांगायची नाही. ती फक्त दुकानात बसणाऱ्या मुलांना शिकवायची.

“आता सांगितली तर घराघरात भांडी उलटी व्हतील,” राजेश्वर म्हणाला. “कोन्ता वरबाप आपल्या दुकानात येईल, अप्पा?”

शिवकन्येला त्याचं बोलणं ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. ती मनातल्या मनात मागे गेली होती. अठरा वर्षांपूर्वी ती सासर सोडून उमापूरहून आली तेव्हा तिच्या अंगावरच्या लुगड्याशिवाय तिच्याकडे काही नव्हतं. सासरचे म्हणाले होते, नाव आमच्या पोराचं, भांडी आमची. ती भांडी याच दुकानातली होती. नावं खुद्द अप्पांनी घातली होती.

“अप्पा,” ती म्हणाली, “माझ्या भांड्यांला व्हती का खूण?”

धोंडप्पांनी मान वर केली. त्यांना मुलीचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण त्या बाजूला त्यांनी बघितलं.

“व्हती.”

गंगासागरबाई नवऱ्याच्या पाटाशेजारी बसल्या होत्या, पन्नासहून जास्त वर्षं तिथंच बसत आल्या होत्या. अठरा वर्षं त्या लेकीची समजूत घालत होत्या, की तुझं नशीबच तसं, कुणाच्या हातात काय होतं. त्या उठल्या, आपलं ताट उचललं आणि पंगतीच्या पलीकडच्या टोकाला लेकीच्या मांडीला मांडी लावून बसल्या. एकमत झालं नव्हतं, पण घर कुठल्या बाजूला झुकलं ते सगळ्यांना दिसलं.

हात धुता धुता योगीराजला केजची तातडीची मीटिंग आठवली. राजेश्वर दुकानात निघून गेला. जाताना म्हणाला, अप्पांना काय सांगायचं ते सांगू द्या, मला यात धरू नका.

*

दुपारी राजेश्वर गल्ल्यावर बसून भिंतीपलीकडचे आवाज ऐकत होता. टेम्पो आला, फळका पडला, भांडी उतरू लागली. कोणतं पातेलं, कोणती परात, कोणता हंडा हे त्याला न बघता कळत होतं. त्याने मनाशी वाक्य तयार ठेवलं होतं: अप्पांचं वय झालंय, त्यांना आता नीट आठवत नाही. या वाक्यात खोटं असं काही नव्हतं. सकाळपासून ते त्याने दहा वेळा म्हणून बघितलं होतं आणि दरवेळी त्याला शिवकन्येचा तो प्रश्न ऐकू आला होता. तिच्या लग्नात नावं घालायला तोही अप्पांशेजारी बसला होता. टिंबं त्यानेही पाडली होती. अप्पांनी गप्प राहायचं ठरवलं तेव्हा तो बत्तीस वर्षांचा घोडा होता, आणि त्यालाही तोंड होतं.

पाऊण तासाने वच्छलाबाई दारात आल्या. आत काय झालं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. अप्पांनी खूण सांगितली, नुसत्या अंगठ्याने चाचपून चाळीस भांड्यांचे दोन ढीग केले. राधाकिशनराव म्हणाले, म्हाताऱ्याला दिसत नाही, तो काहीही सांगेल, आणि भांड्याला टिंबंटवके असायचेच. मॅडमनी विचारलं, ही खूण आणखी कुणाला माहीत आहे का. अप्पा म्हणाले, माझ्या दोन पोरांना.

“योगीराज फोन उचलत न्हाई,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तू न्हाई आलास तर मॅडम नाव बघून निकाल करतील. मी तुला वढीत नेणार न्हाई, राजू. चालत आलास तर ये.”

त्याचंही नाक त्यांनी पुसलेलं होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर ते तयार वाक्य बाहेर पडेना. तो उठला.

गोदामाच्या दाराशी राधाकिशनराव उभे होते. पांढरे स्वच्छ कपडे, गोड आवाज. त्यांनी राजेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “राजूशेठ, वैशाखाची याद घरी तयार हाय. तुमच्याकडंच द्यायचं म्हणतोय.” राजेश्वरने मान डोलावली. कशाला डोलावली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

आत भांडी पुन्हा एकत्र करून ठेवली होती. मॅडमच्या हातात कागद होता, त्यावर अप्पांनी कोणतं भांडं कुठे ठेवलं ते उतरवलेलं होतं, आणि तो त्यांनी पालथा धरला होता. अप्पा भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. शिवकन्या वहीत बघत होती, तिने मान वर केली नाही. तेजश्री दाराजवळ आरोहीचा हात धरून उभी होती. तिचं प्लास्टर निघालं होतं, पण ते मनगट दुसऱ्यापेक्षा बारीक दिसत होतं. ती फक्त भांड्यांकडे बघत होती, माणसांकडे नाही.

“खूण माहीत असेल तर वेगळी करा,” मॅडम म्हणाल्या. “माहीत नसेल तर तसं सांगा.”

राजेश्वरने एक पातेलं उचललं. काय करायचं हे आता ठरवावं लागेल, असं त्याला वाटत होतं. पण ठरवावं लागलंच नाही. अंगठा बुडाच्या कडेशी गेला, तीन टिंबं लागली, आणि हाताने पातेलं डावीकडे ठेवलं. तीस वर्षं हाताने हेच काम केलं होतं, त्याला आजच्या दिवसाचं काही माहीत नव्हतं. दुसरं डावीकडे. तिसरं उजवीकडे. दहाव्या भांड्यापर्यंत तो घामाघूम झाला होता आणि विसाव्यापर्यंत त्याचा घाम वाळला होता. छातीवर सकाळपासून काहीतरी दाबून बसलं होतं ते कधी उठलं, हे त्याला कळलं नाही.

डावीकडे तेवीस झाली, उजवीकडे सतरा. मॅडमनी कागद सुलटा केला आणि एकेक भांडं ताडून बघितलं. अप्पांचा हिशेब चोवीस-सोळाचा होता. एका परातीवरून बापलेकांत फरक पडला होता. अप्पांनी ती मुलीकडची म्हटली होती, राजेश्वरने मुलाकडची.

शिवकन्येने पहिल्यांदाच मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती बघून राजेश्वरला परात उचलून बाहेर फेकावीशी वाटली. पण मॅडमनी मोबाइलचा उजेड पाडून परातीचं बूड बघितलं. छन्नीचं टिंब एकच होतं. शेजारी घासून पडलेले दोन जुने खड्डे होते. अप्पांचा अंगठा तिथं फसला होता.

“बघा,” राधाकिशनराव लगेच पुढे झाले. “परात आमचीच हाय. टिंब एकच हाय, सगळ्यांनी बघितलं. आमची वस्तू तिच्याकडं चाललती.”

“म्हणजे एक टिंब तुमचं, हे तुम्हाला मान्य आहे,” मॅडम म्हणाल्या.

“मान्य म्हणजे… दिसतंयच की.”

“मग तीन टिंबं कुणाची?”

राधाकिशनरावांनी आयुष्यभर माणसं बोलण्यात अडकवली होती, त्यामुळे आपण अडकलो हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ते परात हातात धरून उभे राहिले. मॅडमनी लिहायला घेतलं. तेवीस भांडी तेजश्रीची, सतरा सासरची, दोन्ही बाजूंना खूण मान्य. सही करताना राधाकिशनराव एवढंच म्हणाले की वैशाखाची याद आता केजला जाईल. राजेश्वरने सांगितलं, जाऊ द्या, केजची दुकानंही चांगली आहेत. हे तो खोचकपणे बोलला नव्हता. त्याला खरोखरच त्या यादीचं काही वाटेनासं झालं होतं, आणि याचं सगळ्यात जास्त नवल त्यालाच वाटत होतं.

टेम्पो तोच, फक्त दिशा बदलली. तेवीस भांडी चढवताना वच्छलाबाई, शिवकन्या, गंगासागरबाई सगळ्यांनीच हातभार लावला. सगळ्यात मोठं पातेलं तेजश्रीने कुणाला उचलू दिलं नाही. त्यात आरोही जाऊन बसली आणि बाहेर यायला तयार होईना. मग तेजश्री हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. गंगासागरबाईंनी सकाळच्या उरलेल्या भाकरी फडक्यात बांधून तिच्या हातात दिल्या. सोमवारी काय शिजवणार, असं त्यांनी विचारलं. तेजश्री म्हणाली, वांगी आणि ज्वारीची भाकरी, अन् आमटी बाबांच्या पद्धतीची.

पाच वाजता योगीराजचा फोन आला. निकाल ऐकून तो म्हणाला, मी असतो तर राधाकिशनला आणखी दोन गोष्टी सुनावल्या असत्या. राजेश्वर इतका खदखदून हसला की समोरचं गिऱ्हाईकही हसायला लागलं.

*

शिवकन्या केंद्राची खोली झाडत होती. धोंडप्पा अजून त्याच स्टुलावर होते. घरी चला असं बाईंनी आणि राजेश्वरने सांगितलं तरी ते उठले नव्हते. सगळे गेल्यावर ते म्हणाले, “उद्या उमापूरला जाऊ. मी सांगतो तिथं, जसं इथं सांगितलं तसं.”

शिवकन्येने झाडू थांबवला नाही. तिकडे आता दुसरी बाई नांदते, तिची पोरं मोठी झाली, तिच्या चुलीवरची भांडी मी कशाला उतरवू, असं ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. ती भांडी तिला खरंच नको होती.

“मंग तुला काय पायजे?”

तिने झाडू भिंतीला टेकवला आणि त्यांच्यासमोर खाली बसली. “तवा कावून आला न्हाईत, तेवढं सांगा.”

धोंडप्पांनी अंगठ्यावरून बोट फिरवलं. “गेलतो,” ते म्हणाले. “तुझ्या आईला बी ठावं न्हाई. गेवराईपस्तोर गेलतो. स्टँडवर तासभर बसलतो. उमापूरची गाडी लागली, अन् मी उलटी गाडी धरून माघारी आलतो.”

“कावून?”

“भ्यालो. तिकडची समदी गावं आपल्या दुकानाला. वाटलं, खूण सांगितली की समदं जाईल.”

“मला वाटायचं,” शिवकन्या म्हणाली. “मला वाटायचं, तुमाला माझीच चूक वाटती.”

“न्हाई. कधीच न्हाई. मीच भ्यालो.”

अठरा वर्षं या घरात शिवकन्या पाहुणीसारखी पाऊल टाकत वावरली होती. अप्पांचा चहा कधी थंड होऊ दिला नव्हता, कधी उलट बोलली नव्हती. आपल्यात काहीतरी कमी असणार, म्हणूनच बाप आला नाही, असं तिने धरून टाकलं होतं. इतर बायांना ती दर गुरुवारी सांगायची, की तुमची काही चूक नाही, आणि स्वतःला मात्र सांगू शकत नव्हती. आणि तिची काहीच चूक नव्हती. एक माणूस गेवराईच्या स्टँडवर भ्याला होता, एवढंच झालं होतं.

तिला एकदम हलकं वाटलं, आणि पाठोपाठ राग आला. चांगला सणसणीत राग. अठरा वर्षांत तिला वडिलांचा असा राग कधी आला नव्हता; रागवायला आपलेपणाचा हक्क लागतो, आणि तो तिला आज मिळाला होता.

“उठा आता,” ती जोरात म्हणाली. “दुपारपासून त्या स्टुलावर बसलाय. पाय सुजले की मलाच शेकत बसावं लागतं.”

या आवाजात घरात त्यांच्याशी कुणी बोलत नसे. धोंडप्पा चटकन उठले. तिने हात पुढे केला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. भिंतीला धरत धरत ते तिच्या पुढे चालू लागले, आणि उंबऱ्याशी ठेचकाळले तेव्हा तिने त्यांचा दंड पकडून, नीट बघून चालता येत नाही का, म्हणून त्यांना आणखी एकदा रागे भरलं.